रोपांबरोबर आलेला तांबेरा

गव्हावर पडणारा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याच वर्गातील एका बुरशीने उत्तर अमेरिकेतील अरण्यांची कशी हानी केली, हे वृक्षारोपणाचा पाठ देणाऱ्या शिक्षकांनी अवश्य समजून घ्यावे.

श्वेत पाइन हा मूळचा अमेरिकेतील वृक्ष. अठराव्या शतकात त्याची लागवड युरोपात होऊ लागली. पुढे तेथे त्यास आशियातून आलेल्या एका बुरशीची बाधा झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत तोडलेल्या अरण्यांच्या जागी नवी झाडे लावण्यासाठी युरोपातील रोपवाटिकांतून स्वस्त रोपे मागविण्यात आली. ती दिसावयास निरोगी होती. परंतु काहींच्या सालीत रोग दडलेला होता. 1912 साली अशा रोपांच्या आयातीस कायद्याने बंदी झाली, तोपर्यंत रोग दोन्ही किनाऱ्यांवर पोहोचला होता.

या बुरशीचे जीवन दोन वनस्पतींवर चालते. वसंत ऋतूत पाइनच्या सालीवर नारिंगी फोड येतात. त्यांतील बीजाणू वाऱ्याने करंट व गूसबेरी यांच्या झुडपांवर पडतात, पानांवर वाढतात आणि शरद ऋतूच्या सुमारास पुन्हा पाइनच्या सुयांसारख्या पानांत शिरतात. तेथून बुरशी सालीत उतरते, फांदीस वा खोडास वेढते व अन्नरसाचा मार्ग तोडते. लागण झाल्यापासून फोड दिसेपर्यंत दोनचार वर्षे जातात. एका पाइनवरून दुसऱ्यावर रोग थेट जात नाही. म्हणून 1930 नंतरच्या दशकात हजारो मजुरांनी ही झुडपे उपटली. तथापि रोग हटला नाही.

लागवडीच्या रोपांतून आलेला हा रोग उंच पर्वतांवरील रानटी पाइनपर्यंत गेला. त्यांपैकी श्वेतसाल पाइनच्या बियांवर पक्षी व अस्वले पोसली जातात. 2022 साली अमेरिकेच्या शासनाने हा वृक्ष संकटग्रस्त म्हणून घोषित केला. रोगास तोंड देऊन तगलेल्या झाडांचे बी जमवून आता नवी रोपे वाढविली जात आहेत.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. पाने हिरवी दिसली म्हणून रोप निरोगीच असते असे नाही. वनमहोत्सवासाठी रोपे शक्यतो आपल्या परिसरातील बियांपासून शाळेतच तयार करावीत. बाहेरून आणलेल्या रोपांवर विद्यार्थ्यांकरवी दीर्घकाळ लक्ष ठेवावे. साल व पाने यांवरील डागांची नोंद वहीत करून घ्यावी, आणि संशय येताच कृषी अथवा वन खात्यास कळवावे.