चाकरमानी आजोबांची पिढी

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात भांडवल, यंत्रे, संघटना आणि संप यांची नोंद पुष्कळ तपशिलाने झाली आहे. गिरणीतून निवृत्त होऊन, किंवा गिरणीच बंद पडल्यामुळे, कोकणातल्या घरी परतलेला आणि नातवंडांना पोट धरधरून हसवणारा आजोबा मात्र त्या इतिहासात जवळजवळ कुठेच भेटत नाही. चाकरमानी म्हणजे पोटासाठी मुंबईत नोकरी करणारा, पण घर, शेत आणि देव गावीच असलेला कोकणी माणूस. स्वातंत्र्याच्या आगेमागे गिरणीत लागलेले असे चाकरमानी १९८०च्या सुमारास आजोबा होऊ लागले, आणि त्यांचे आजोबापण इतरांहून निराळे ठरले, कारण बाप म्हणून ही माणसे घरात फारशी नांदलेलीच नव्हती.

परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, एकेका गावाच्या मंडळाने चाळीत खोली घेतलेली असे आणि तिला त्या गावची खोली म्हणत. दहा बाय बाराच्या अशा खोलीत पंधरा-वीस पुरुष राहत. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर वळकटी पसरत, आणि प्रत्येकाचा संसार भिंतीलगतच्या एका ट्रंकेत मावलेला असे. जेवणाची सोय खाणावळीत होई. कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणारी ही खाणावळ बहुधा एखादी बाई स्वतःच्या बिऱ्हाडात चालवी. बायको-मुले गावी, महिन्याला मनीऑर्डर, गणपतीला आणि जमल्यास शिमग्याला काही दिवसांची रजा, एवढाच संसाराशी संबंध उरे. मुलांना बाप आठवतो तो नव्या कपड्यांची पिशवी घेऊन आलेला आणि ओळख पटेपर्यंत परत निघालेला पाहुणा म्हणून. या पिढीच्या पुढच्या हसऱ्या आजोबापणामागे ही उणीव आहे, आणि ती ध्यानात घेतल्याखेरीज त्या हसण्याची खोली कळत नाही.

त्यांच्या विनोदाची पहिली शाळा गिरणीतच होती. मागावर कापड विणले जाते त्या विभागाला साचेखाते म्हणतात. शेकडो मागांवर धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे लाकडी साधन, एकसारखा आपटत असल्यामुळे तिथे शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे आणि वर्षानुवर्षे काम केलेल्यांना कानाचा अधूपणा येई. म्हणून साचेवाले ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखत आणि हातवाऱ्यांनी बोलत. भरतीवर आणि कामावर हुकमत गाजवणारा मुकादम येतो आहे, हे सांगायला त्याची चाल किंवा मिशी पिळण्याची ढब दाखवली की पुरे. नक्कल हा तिथे संभाषणाचा व्यवहार होता, आणि तो रोज आठ तास चालत असल्यामुळे चेहरा, भुवया व बोटे यांवर या माणसांचे जे प्रभुत्व आले, ते एखाद्या नटाने हेवा करावा असे होते. नातवंडांना पुढे जी आजोबांची गंमत वाटली, म्हणजे अकारण मोठा आवाज, अर्धे वाक्य हातांनी पुरे करण्याची सवय आणि एकही शब्द न उच्चारता अख्खा माणूस उभा करण्याची हातोटी, तिचे मूळ या कान बधिर करणाऱ्या खात्यात आहे.

दुसरी शाळा भजनाची. डबलबारी हा सिंधुदुर्गाकडचा लोकप्रिय प्रकार असून त्यात दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि एकमेकांना चालीत बांधलेले टोमणे मारतात. उत्तर जागच्या जागी सुचावे लागते आणि ते लागले तरी मनाला लावून घ्यायचे नाही, असा संकेत असतो. गिरणगावच्या चाळींत भजने, शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबी गाण्यांचे, सामने आणि कामगारांची नाटके यांना कायम गर्दी असे. परळचे दामोदर नाट्यगृह हे या रंगभूमीचे मोठे घर होते. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगमंचावर आले आणि मच्छिंद्र कांबळींच्या मुखातून मालवणी बोलीतला विनोद सर्व महाराष्ट्राला ऐकू गेला. गावच्या खोलीत मात्र तो तिरकस, शिवराळ आणि तरीही मायेचा स्वर कितीतरी आधीपासून रुळलेला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्याची कारणमीमांसा अन्यत्र विपुल झाली आहे. येथे एवढेच महत्त्वाचे की, निवृत्तीला अवकाश असलेली हजारो माणसे अकाली, बरीचशी रिकाम्या हातांनी, गावी आली. काहींना दारूने गिळले, काही अबोल झाले. या पिढीतला प्रत्येक आजोबा हसतमुख होता असे म्हणणे त्यांच्या दुःखाचा अवमान ठरेल. पण ज्यांनी स्वतःला सावरले, त्यांच्यापैकी अनेकांना सावरले ते नातवंडांनीच.

घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला कोकणात खळे म्हणतात. संध्याकाळी त्या खळ्यात, सुपारी कातरत किंवा सुंभ वळत, आजोबांच्या गजाली, म्हणजे ऐसपैस गप्पा, सुरू होत. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीची गजाल सर्वांची आवडती: बोट किनाऱ्यापासून दूर नांगर टाकी, उतारूंना पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरावे लागे, आणि त्या हिंदकळत्या क्षणी कोणाची ट्रंक, कोणाचे धोतर, कोणाची अब्रू कशी सांभाळली गेली किंवा गेली नाही, हे सगळे साभिनय वठवले जाई. मागोमाग तिसऱ्या पाळीतले भूत येई, खाणावळवालीचा दरारा येई, गिरणीच्या फाटकावर रोज उभे राहून कोणी गैरहजर आहे का याची वाट पाहणाऱ्या बदली कामगाराची, म्हणजे कायम नेमणूक नसलेल्याची, केविलवाणी ऐटही येई. गोष्टीत फजिती होई ती बहुतेक सांगणाऱ्याचीच. भूक, अपमान, एकाकीपणा हे सारे त्या गोष्टींत होते, पण नातवाच्या वयाला पेलेल अशा मापात; कडू गोष्ट मुलांपुढे कशी ठेवावी याचे हे उपजत शहाणपण फार मोलाचे मानले पाहिजे. आपल्या वाट्याला जो बाप आला नाही तो आपल्या मुलांना आजोबा म्हणून मिळतो आहे, हे पाहणाऱ्या मधल्या पिढीच्या मनात कौतुकाबरोबर थोडी असूयाही असे, आणि ती अगदी स्वाभाविक होती.

२०१२ साली गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांची पहिली सोडत निघाली. अर्जदारांत मूळ कामगारांबरोबर त्यांचे वारसही होते, आणि त्या निमित्ताने घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या: गिरणीचे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती, कामगार विम्याचे कार्ड असे पुरावे शोधले गेले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन मौखिक इतिहास ग्रंथरूपाने जपला, हे मोठेच काम झाले. तथापि त्यात बोलतो तो प्रामुख्याने कामगार. खळ्यात बसून बोलणारा आजोबा आज चाळिशी-पन्नाशीला पोचलेल्या नातवंडांच्या स्मरणात आहे, आणि त्या गजाली, हातवाऱ्यांच्या वर्णनासकट आणि मालवणी बोलीतच, त्यांनी आता लिहून काढल्या पाहिजेत.