बक्षिसापायी हरवलेले कागद

१९९९ साली क्रिकेटचा विश्वचषक इंग्लंडमध्ये होता. ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ या योजनेनं तेव्हा महानगरांपासून शेवगावसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत मुलांना वेड लावलं. बिस्किटाच्या पुड्यावर धावा छापलेल्या असत. १०० धावांची वेष्टनं दुकानदाराकडे दिली, की खरवडून नशीब पाहण्याची पुस्तिका हाती पडे. नशीब उघडलं तर थेट इंग्लंडवारी! त्याआधी ‘बिग फन’ बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं येत. त्यांच्यावरच्या धावा आणि बळी जमवण्यात एक पिढी रमली.

ही युक्ती मुळात फार जुनी. अमेरिकेत १९१०च्या सुमारास ‘टर्की रेड’ सिगारेटची १० कूपनं पाठवली, की बेसबॉलपटूचं मोठं रंगीत चित्र घरी येई. १९१५ साली ‘क्रॅकर जॅक’ कंपनी १०० कूपनांच्या बदल्यात १७६ चित्रांचा अख्खा संच देई. सॅन फ्रान्सिस्कोची ‘झीनट’ कार्डं १९११ ते १९३८ या काळात निघाली. त्यांतल्या बहुतेकांवर चित्राच्या खालीच कूपन असे. मुलांनी ते कापलं आणि बक्षिसं नेली. म्हणूनच कूपनासकट टिकलेलं झीनट कार्ड आज अतिशय दुर्मीळ आहे. कूपनावर मुदत छापलेली असल्यानं कार्डाचं साल ठरवायलाही त्याची मदत होते.

मोजक्याच प्रती निघाल्या म्हणून काही वस्तू दुर्मीळ होतात. हे कागद मात्र ढिगानं छापले गेले आणि परत देण्यासाठीच असल्यामुळे नाहीसे झाले. योजना जितकी यशस्वी, तितका मागे उरलेला कागद कमी. ज्यानं बक्षिसाचा मोह सोडला किंवा ज्याच्या धावा शंभराला कमी पडल्या, त्याच्याच घरी तो राहिला.

आपल्याकडच्या अशा वेष्टनांतून कुणी श्रीमंत होणार नाही. पण त्या काळी मुलांचे लाडके खेळाडू कोण होते, पुड्याची किंमत काय होती, शहरातली जाहिरात गावच्या दुकानात कशी पोहोचली, हे सांगणारा पुरावा तोच आहे. गावाच्या इतिहासात त्याला जागा मिळायलाच हवी.

तेव्हा शेवगावकरांनो, माळ्यावरच्या ट्रंका आणि जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. वेष्टन सापडलं तर त्याला डिंक किंवा चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, कडा कापू नका. ओल आणि कसरीपासून जपा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ते कुणी, कधी, कुठल्या दुकानातून घेतलं होतं, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.