‘सिन्स’ आणि ‘फॉर’ : एका ‘पासून’चे दोन अर्थ

राज्यातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजीचे अध्यापन सन २००० मध्ये सुरू झाले. त्यामुळे इंग्रजी वाक्याचा पहिला संस्कार आता प्राथमिक शिक्षकाच्या वाणीतूनच होतो. तो निर्दोष असणे अगत्याचे आहे.

‘आय ॲम लिव्हिंग इन वरणगाव सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य पुष्कळदा कानी पडते. या चुकीचे मूळ मातृभाषेत आहे. ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोहोंस आपण ‘पासून’ हे एकच शब्दयोगी अव्यय लावतो. वस्तुतः सोमवार हा आरंभाचा क्षण, तर पाच वर्षे ही काळाची लांबी होय. इंग्रजीत आरंभासाठी ‘सिन्स’ व लांबीसाठी ‘फॉर’ योजतात.

दुसरा भेद क्रियापदाचा. ‘मी पाच वर्षांपासून राहतो’ येथे मराठीस वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मात्र पूर्ण वर्तमानकाळ लागतो : ‘आय हॅव लिव्ड इन वरणगाव फॉर फाइव्ह इयर्स.’

‘फॉर’सोबत क्रियापदाचे रूप बदलल्यास अर्थही पालटतो. ‘शी हॅज टॉट हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे त्या बाई अद्याप येथेच शिकवीत आहेत. ‘शी टॉट हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे त्यांचे येथील अध्यापन संपले. उद्या नोकरीच्या अर्जात विद्यार्थ्याने असे रूप चुकविल्यास चालू नोकरी सुटलेली ठरेल.

वर्गात फळ्यावर एक आडवी रेषा काढावी. तिच्या डाव्या टोकाशी ‘१९६२’ लिहावे. त्या वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. उजव्या टोकाशी चालू वर्ष लिहावे. ‘केव्हापासून?’ असे विचारून डाव्या टोकावर बोट ठेवावे : ‘सिन्स १९६२’. ‘किती वर्षे?’ असे विचारून संपूर्ण रेषेवरून बोट फिरवावे. वजाबाकीचे उत्तर ‘फॉर’पुढे येईल. पुढील वर्षी ‘फॉर’चे उत्तर एकाने वाढेल, ‘सिन्स’चे तेच राहील. हे मुलांनी स्वतः ताडले, म्हणजे नियम पाठ करून घेण्याचे प्रयोजन उरणार नाही.

मात्र ‘शाळा सोमवारपासून सुरू होईल’ अशा भविष्यकालीन वाक्यात ‘सिन्स’ चालत नाही. तेथे ‘ऑन मंडे’ म्हणावे, हेही शिक्षकांनी ध्यानी ठेवावे.