दोन घरांमधले नव्वद दिवस

माझा भाचा खोपोलीला राहत असे. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच बिऱ्हाड, पण नवरा, बायको आणि एक मुलगा यांना ते पुरत होते. गतवर्षी माघात सूनबाईंना जुळे झाले. त्यांचे करायला आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, गावाहून आली ती तिथेच राहिली. तिघांची सहा माणसे झाली. पाळण्याला जागा हवी म्हणून टेबल विकले आणि थोरले चिरंजीव अभ्यासाला जिन्यात बसू लागले. एका रविवारी भाचा कर्जतला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, रात्री पाणी प्यायला उठलो तर कुणाच्या तरी अंगावर पाय पडतो. आता मोठे घर बघायलाच हवे."

मी चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली शेवटची बारा घरकर्जाच्या टेबलाशी. तेव्हा असला प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जी चूक झाली ती माझी.

भाच्याची नोकरी मुंबईला. खोपोलीहून मुंबईच्या थेट गाड्या मोजक्या. एखादी चुकली की कर्जतला उतरून फाट्यावरच्या गाडीची वाट पाहायची आणि मग पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी एकेक स्टेशने मोजत घर गाठायचे. कर्जतहून मुंबई शंभर किलोमीटर आहे, पण गाड्या भरपूर. "तो वरचा फाटा वाचला तर मुलांना जागेपणी बाप दिसेल," असे सूनबाईंचे गणित, आणि ते बिनचूक होते. खालापूर तालुका सोडून कर्जतला यायचे ठरले.

दहिवलीत तीन खोल्यांचे घर सापडले. मालक एक निवृत्त जोडपे. त्यांनी मुलाजवळ राहायला पुण्यात जागा घेतली होती. घर दुसऱ्या मजल्यावर. उल्हास नदीचे पाणी २६ जुलै २००५ ला कुठवर चढले होते, ते मी खालच्या दुकानदाराला विचारून आलो. कर्जतात घर घेणाऱ्याने हा प्रश्न विचारल्याशिवाय जिना चढू नये. एवढी सावधगिरी बाळगणाऱ्या माणसाने मग काय करावे? अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधून भाच्याला दोन लाखांचा विसार द्यायला लावला! उरलेली रक्कम नव्वद दिवसांत द्यायची, न दिल्यास विसार बुडाला, असे पावतीवर लिहिले होते. "जुन्या घराचे काय," मी म्हणालो, "ते महिन्याभरात जाईल."

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्याने रचली त्याच्यावर एक घर विकून त्याच पैशांत दुसरे घेण्याचा प्रसंग आला नसावा.

पाऊस लागला. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी, तिथला पाऊस कोसळतो. ज्यांना घर घ्यायचे तेही पावसाळ्यात घर पाहायला बाहेर पडत नाहीत. जे आले ते गळक्या छत्र्या घेऊन आले आणि पश्चिमेच्या भिंतीवरची ओल पाहून गेले. एकाने तर निम्म्याच्या आसपास भाव सांगितला. आम्ही दुसरीकडे विसार देऊन बसलो आहोत हे दलालाने त्याला सांगून टाकले होते. आपण नवे घर धरले हे गिऱ्हाइकाला कळले, की जुन्याची किंमत आपण ठरवत नाही, कॅलेंडर ठरवते.

शेवटी आषाढात एक चांगले गिऱ्हाईक आले. खालापूर तालुक्यातल्याच एका कारखान्यातला फिटर, नुकताच लग्न झालेला. भाव पटला. पण त्याच्या बँकेने सोसायटीचा भाग दाखला मागितला आणि आमचे डोळे उघडले. भाच्याने ते घर ज्याच्याकडून घेतले होते त्याचेच नाव दाखल्यावर राहिले होते. नऊ वर्षांत कुणाला ते बदलून घ्यावेसे वाटले नाही. सोसायटीचे सचिव परगावी नोकरीला, रविवारीच घरी येत. समितीची बैठक जमायला तीन रविवार गेले. विसार देण्याच्या आदल्या दिवशी ट्रंकेतले हे कागद मी एकदा चाळले असते, तर तीन आठवडे वाचले असते. बाराशे लोकांना तरी मी हाच सल्ला दिला असेन.

दुसरी गाठ कर्जाची. जुन्या घरावर भाच्याचे कर्ज होते, त्यामुळे मूळ कागद बँकेच्या तिजोरीत. अशा वेळी घेणाऱ्याची बँक विकणाऱ्याच्या बँकेला बाकी रक्कम परस्पर देते, कर्ज मिटते, कागद सुटतात आणि उरलेला पैसा विकणाऱ्याच्या हाती येतो. बदलत्या व्याजदराचे कर्ज मुदतीआधी फेडले म्हणून बँका व्यक्तींकडून २०१२ पासून दंड घेऊ शकत नाहीत. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत केले पाहिजेत, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. नियम चांगलाच आहे. पण नव्वद दिवसांची मुदत ज्याच्या मानेवर बसली आहे त्याला तीस दिवस कुठून आणायचे?

त्र्याऐंशीव्या दिवशी मी खोपोलीला गेलो. सूनबाई काही न बोलता दुपट्यांच्या घड्या घालीत होत्या. आक्काने ट्रंक उघडली आणि रुमालात बांधलेल्या चार पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. आमच्या वडिलांनी तिच्या लग्नात घातलेल्या. त्या करायला त्यांनी काय विकले होते ते आम्हा दोघांनाच ठाऊक. "गहाण ठेव नाहीतर मोड," ती म्हणाली, "पोराचे दोन लाख बुडता कामा नयेत." मी पाटल्या पुन्हा रुमालात बांधल्या आणि तिला म्हटले, "आक्का, मला उद्याचा दिवस दे."

दुसऱ्या दिवशी दहिवलीला गेलो. मनात सबबींची यादी तयार होती. मालकीणबाईंनी चहा पुढे केला आणि विचारले, "जुळी आता किती महिन्यांची झाली?" त्या प्रश्नाने माझी यादी गळून पडली. जे होते ते मी सरळ सांगितले आणि शेवटी विचारले, "तुम्हाला खरोखर केव्हा आणि किती पैसे लागणार आहेत?" हा प्रश्न अक्षय्य तृतीयेलाच विचारायला हवा होता! यजमान म्हणाले, "पुण्याच्या जागेचा हप्ता भरायचा आहे, चार लाखांचा. बाकीचे दोन महिन्यांनी दिलेत तरी आमचे अडत नाही. उलट बरेच. इतक्यात सामान कुठे हलवायचे हाच आम्हाला घोर लागला होता."

म्हणजे तेही आमच्यासारखेच दोन घरांच्या मध्ये लोंबकळत होते, आणि तीन महिने आम्ही एकमेकांना मुदती दाखवीत बसलो होतो. माझी एक ठेव मोडली, थोडे भाच्याच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढले आणि चार लाख उभे केले. मुदत साठ दिवसांनी वाढवल्याचा पुरवणी करार लिहिला. शंभर रुपयांचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झाला, म्हणून पाचशेच्या मुद्रांकावर. ताबा खरेदीखतानंतर दहा दिवसांनी, हेही त्यात घातले. पाटल्या ट्रंकेतच राहिल्या.

मध्ये नावाचा एक घोळ झाला. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. सूनबाईंच्या नावावर घ्यावे असे भाच्याच्या मनात आले. पण जुने घर त्याच्या एकट्याच्या नावावर. जुन्या घरावरचा नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात घातला तर त्यावर प्राप्तिकर लागत नाही खरा. मात्र नवे घर बायकोच्या नावावर असेल तर ही सूट मिळते की नाही, यावर न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. एक टक्का वाचवायला जाऊन प्राप्तिकराची नोटीस घरी आणायची नव्हती. घर दोघांच्या नावावर घेतले, पहिले नाव भाच्याचे. सूनबाई म्हणाल्या, "नाव कुठे का असेना, किल्ली माझ्याकडे राहील."

पितृपक्षात सही नको, असे फिटरच्या आईने सांगितले. आम्हीही आग्रह धरला नाही. घटस्थापनेनंतर एका दिवशी सकाळी खालापूरला जुन्या घराचे खरेदीखत झाले. तिथून रिक्षा करून पळसदरीवरून कर्जत गाठले आणि दुपारी नव्या घराचे झाले. दोन्हीकडे अंगठ्याचे ठसे आणि फोटो देऊन भाचा इतका दमला, की निबंधकांच्या कचेरीबाहेर त्याने एकामागून एक तीन वडापाव खाल्ले.

जुन्या घराची किल्ली तर त्याच दिवशी दिली होती. नव्याचा ताबा मिळेपर्यंतचे दहा दिवस ही सहा माणसे, पाळणा आणि तीन ट्रंका माझ्या दोन खोल्यांत होत्या. मीही एके रात्री पाणी प्यायला उठलो आणि आक्काच्या पायावर पाय दिला. "आता कळले?" ती अंधारातूनच म्हणाली.

आता सगळे सुरळीत आहे. फक्त खोपोलीच्या घराचे विजेचे बिल परवापर्यंत भाच्याच्याच नावाने येत होते. फिटर ते इमानाने भरतो आणि पावतीचा फोटो मला पाठवतो. मीटरचे नाव बदलायचा अर्ज माझ्या टेबलावर पडला आहे, सही तेवढी राहिली आहे.