ड्रिलचा उलटा पीळ

घरगुती विजेच्या ड्रिलमध्ये मिक्सरमध्ये असते त्याच जातीची, युनिव्हर्सल मोटर असते. तिचा रोटर मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेतो. गिअरमधून उतरत तो वेग चकापाशी, म्हणजे बिट आवळून धरणाऱ्या तोंडापाशी, तीन हजारांच्या आसपास येतो आणि वेग जितका उतरतो तितका पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. हातात धरण्याजोगे पहिले विजेचे ड्रिल 1895 साली जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा या रचनेचे पेटंट अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर यांना 1917 साली मिळाले. आजची यंत्रेही त्याच वळणाची आहेत.

या मोटरचा एक स्वभाव धोक्याचा आहे. बिट अडकले की ती गप्प थांबत नाही. वेग घटताच ती जास्त करंट ओढते आणि आणखी जोराने रेटते. बिट ज्या पिळाने फिरते, तेवढाच पीळ उलट्या दिशेने यंत्राच्या देहावर येतो. एरवी तो जाणवतही नाही. बिट घट्ट बसले की मात्र सगळा मनगटावर. समजा, अडकलेल्या क्षणी 20 न्यूटन-मीटर पीळ आला. मागच्या मुठीवर, अक्षापासून 10 सेंटिमीटरवर हात असेल तर त्याला 200 न्यूटन, म्हणजे सुमारे वीस किलो वजनाइतका झटका पेलावा लागतो. पुढची आडवी मूठ लावून हात 25 सेंटिमीटरवर नेला, तर तोच झटका आठ किलोवर येतो. ही मूठ बहुतेक घरांत खोक्यातच पडून असते. घोडा दाबल्यावर चालू राहण्याचे लॉक बटणही यंत्र हातात धरून काम करताना वापरू नये. यंत्र हिसकले की बोट सुटते, लॉक सुटत नाही.

बिट अडकण्याची नेमकी वेळ म्हणजे आरपार निघण्याची. पत्र्याचा शेवटचा पातळ पापुद्रा कापला न जाता फाटतो आणि त्याच्या कडेत धार अडकते. त्यामुळे शेवटी शेवटी दाब सैल करायचा आणि पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. कामाची वस्तू वाइसमध्ये किंवा क्लॅम्पने आवळलेली हवी. हाताने धरलेली लोखंडी पट्टी बिटाला अडकली की पंख्याच्या पात्यासारखी गरगरते.

धातूत भोक पाडताना वेगाचे गणित सोपे आहे. साध्या पोलादासाठी हायस्पीड स्टीलच्या बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला साधारण 25 मीटर असावा. 3 मिलिमीटर बिटाला त्यासाठी 2600 फेरे लागतात, 10 मिलिमीटर बिटाला 800 पुरतात. जाड बिट पूर्ण वेगाने फिरवले की ते कापत नाही, घासते, तापते आणि बोथट होते. बिटाच्या मध्यबिंदूचा वेग तर शून्यच असतो. तिथे धातू कापला जात नाही, नुसता चेपला जातो. म्हणून सेंटर पंचाने खूण करून आधी बारीक भोक पाडले की मोठ्या बिटाचे काम हलके होते. अधूनमधून तेलाचा थेंब सोडावा. लाकडात बिट वरचेवर बाहेर काढून भुसा मोकळा केला की झाले.

भिंतीचे शास्त्र वेगळे. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठीच्या बिटाला टंगस्टन कार्बाइडचे टोक असते. ते कापत नाही, ठोके देऊन चुरा करते. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत मिनिटाला हजारो बारीक ठोके देतात. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने थोडे पण जोरदार ठोके देतो. म्हणूनच काँक्रीटच्या कॉलममध्ये साधे ड्रिल रेटत बसणे म्हणजे मोटर जाळण्याची तयारी. तिला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो: वेग मंदावला की वाराही मंदावतो. जळका वास आला की बिट बाहेर काढून यंत्र मिनिटभर बिनभार चालवावे. सळई लागली तर भोकाची जागाच बदलावी. टाइलवर आधी ठोका बंद ठेवून हळू वेगाने चकाकी भेदावी. ठोका सुरुवातीलाच लावला तर टाइल तडकते. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये ठोका वापरूच नये, भोक सैल होते. स्क्रूसाठी भोकात बसवायच्या प्लगच्या लांबीपेक्षा सेंटिमीटरभर खोल जाऊन आतला चुरा उडवला नाही, तर प्लग पुरता बसत नाही.

चक आवळताना किल्ली तिन्ही छिद्रांत फिरवावी आणि लगेच काढून ठेवावी. चकात विसरलेली किल्ली चालू करताच गोळीसारखी उडते. बिट बदलताना यंत्राचा प्लग सॉकेटमधून काढलेला हवा. सुती हातमोजे, ओढणी, लोंबत्या बाह्या बिटाभोवती गुंडाळल्या जातात, त्यामुळे इथे हातमोजे घालणे न घालण्यापेक्षा वाईट. डोळ्यांना गॉगल आणि काँक्रीटच्या धुळीसाठी चांगला मास्क हवाच: त्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात साठत जाते.

भिंतीतल्या वायर बहुधा स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत जातात. तो पट्टा टाळावा, शंका असल्यास मेन स्विच बंद करून बॅटरीवरचे ड्रिल वापरावे. यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचे असते आणि त्याला अर्थिंगची तार लागत नाही. ओल्या जागी मात्र 30 मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे आरसीसीबी नसलेल्या सॉकेटवर तेही लावू नये.