डोळ्यातला पाहुणा

डोळ्याच्या पोकळीत साधारण 4 मिलिलिटर पारदर्शक जेल असते आणि त्यात 98 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. मग डोळ्याचा पडदा (रेटिना) सरकल्यावर ते जेल काढून नुसते सलाईन भरले तर? तेवढ्याने भागत नाही, कारण सलाईन फाटलेल्या जागेतून पडद्यामागे शिरते. तिथे पृष्ठताणाच्या जोरावर छिद्र बुजवून धरणारे काही हवे. वायूचा बुडबुडा हे काम चोख करतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे दोन आठवड्यांत, तर परफ्लोरोप्रोपेन सुमारे दोन महिन्यांत विरते. तोवर लेझरने केलेली डागडुजी पक्की होते. बुडबुड्याचा डुचमळणारा काठ रुग्णाला रोज थोडा खाली उतरलेला दिसतो आणि वरून नजर मोकळी होत जाते.

विरणाऱ्या वायूऐवजी कायम टिकणारे काही का भरू नये, असे कुणी विचारेल. सिलिकॉन तेल तसे आहे. नेत्रतज्ज्ञ पॉल सिबिस यांनी 1962 मध्ये त्याचा वापर मांडला. अवघड केसमध्ये ते पडद्याला महिनोन्‌महिने आधार देते, पण रेंगाळले तर मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका वाढतो. म्हणून बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करून ते काढतात. मूळ जेलची जागा घेऊ शकेल अशा हायड्रोजेलवर संशोधन चालू आहे. तरीही माझ्या मते आज चांगला पदार्थ तोच, जो काम संपताच जागा सोडतो. रिकामी जागा डोळा स्वतःच्या द्रवाने भरून काढतो.

डोळ्यात वायू असेपर्यंत विमानप्रवास मात्र कटाक्षाने टाळा. उंचीवर तो प्रसरण पावतो आणि वाढलेल्या दाबाने दृष्टी कायमची जाऊ शकते.