लोकलने घरी, अर्ध्या तासात जेवण : बराकपूरच्या हंगामी भाज्यांना पास्त्याची जोड

बराकपूर : सियालदह स्थानकातून सायंकाळी सुटणारी लोकल दमदम, बेलघरिया, सोदपूर, खडदह, टिटागड ही स्थानके मागे टाकत सुमारे पाऊण तासात बराकपूरला पोहोचते. अंतर अवघे २३ किलोमीटर. परंतु कार्यालयातून स्थानक गाठणे, गर्दीतून गाडीत शिरणे आणि उतरल्यावर पुन्हा रिक्षा किंवा टोटो धरणे यांची बेरीज केली तर सहाला सुटलेली व्यक्ती घराचे दार उघडते तेव्हा आठ वाजत आलेले असतात. वाटेत उपनगरी मार्गावरील प्रत्येक स्थानकाबाहेर भरतो तसा भाजीबाजार लागतो. पिशवीत ताजी भाजी येते. ती चिरून, परतून, सोबत भात किंवा पोळी करून ताटात येण्यासाठी लागणारा तास मात्र हाती नसतो. हा तास अर्ध्यावर आणण्यासाठी नोकरदार घरांनी जे मार्ग शोधले, त्यांत गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत पोहोचलेल्या पास्त्याच्या पाकिटाचा समावेश करावा लागेल.

हा प्रश्न केवळ रुचिपालटाचा नाही. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामांत सहभागी असणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटांचा आहे. मुंबईकर वाचकाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. चर्चगेट-बोरिवली मार्गावर ५ मे १९९२ रोजी महिला विशेष लोकल सुरू झाली आणि त्या डब्यांतून मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका हे शहराचे एक परिचित दृश्य झाले. सियालदह विभागातही ‘मातृभूमी’ नावाच्या महिला विशेष गाड्या धावतात. रात्रीच्या जेवणातून वाचणारी वीस मिनिटे कोणाच्या वाट्याची असतात, हे या दोन्ही शहरांच्या वेळापत्रकांतून कळते.

पास्ता झटपट होतो, हे खरे. पण तो आपोआप जेवण होत नाही. मैद्याचा पास्ता, वर चीज आणि पाकिटातला मसाला हा बेत लवकर होतो आणि लवकर पचून पुन्हा भूकही लागते. त्याला जेवणाचे रूप येते ते भाजीमुळे. ती भाजी हंगामातली असेल तर स्वस्त, कोवळी आणि मुख्य म्हणजे लवकर शिजणारी मिळते. माघातला फुलकोबी चार मिनिटांत शिजतो. अवेळी आलेला, लांबून प्रवास केलेला निबर गड्डा तेवढ्या वेळात शिजत नाही. झटपट स्वयंपाकाचे निम्मे गणित बाजारातच सुटते ते असे.

उरलेले निम्मे गणित गव्हाचे आहे. चांगला पास्ता ड्युरम जातीच्या गव्हाच्या रव्यापासून बनतो. महाराष्ट्रात हा गहू बन्सी या नावाने ओळखीचा आहे. उपमा-शिऱ्यासाठी अनेक घरांत मागून घेतला जाणारा बन्सी रवा तो हाच. दाणा कठीण, रंग पिवळसर, प्रथिने भरपूर. या प्रथिनांचे जाळे स्टार्चला घट्ट धरून ठेवते, म्हणून ड्युरमचा पास्ता शिजल्यावरही आकार सोडत नाही आणि त्याच्या सेवनाने रक्तातील साखरही तुलनेने सावकाश वाढते. मैद्याचा पास्ता दोन मिनिटे जास्त राहिला की चिकट गोळा होतो. त्यामुळे पाकिटाच्या पाठीवरील घटकांची ओळ वाचणे, हे या स्वयंपाकातील पहिले काम मानावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या ड्युरम वाणात प्रथिनांचे प्रमाण १४.७ टक्के आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कोरडवाहू शेतीसाठी हे वाण आहे. पास्त्याला परका पदार्थ म्हणणाऱ्यांनी त्याचा कच्चा माल आपल्याच शिवारात पिकतो, एवढे लक्षात घ्यायला हरकत नाही.

पदार्थाचा प्रकारही तितकासा परका नाही. लग्नघरी बायकांनी जमून वळलेले गव्हले, मालत्या, नखुल्या ही पास्त्याचीच भावंडे होत. इटलीतील ‘ओर्झो’ आणि गव्हले शेजारी ठेवले तर क्षणभर ओळखू येणार नाहीत. बंगालमध्ये पौष संक्रांतीला तांदळाच्या उकडीच्या बारीक वळ्या करून त्या दुधात शिजवतात. त्यांना ‘चुषि पिठे’ म्हणतात. वरणात सोडलेली चकोल्यांची पोळी तर दोन-तीनशे वर्षे जुनी वाटावी इतकी आपली आहे. फरक आहे तो श्रमांचा. गव्हले वळायला दुपार लागते आणि पास्ता यंत्राने वळलेला, वाळवलेला येतो.

आता प्रत्यक्ष कृती. वेळ वाचतो तो एकाच भांड्यातल्या पाण्यामुळे. घरात पाऊल ठेवताच आधण ठेवावे. इटलीतील रूढ प्रमाण १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असे आहे. पाणी थोडे कमी घेतले तरी चालते, आरंभी दोन-तीनदा ढवळले म्हणजे झाले. मिठातही बराच हात आखडता घ्यावा, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराच्या मिठाची मर्यादाच पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे. पाण्याला उकळी येईपर्यंतच्या आठ-दहा मिनिटांत भाजी धुऊन, चिरून होते. माणशी ७५ ते ८० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. तो पाण्यात पडला की दुसऱ्या शेगडीवर तेल-लसणाची फोडणी, आणि भाजी त्याच आधणात, प्रत्येकीच्या वकुबाप्रमाणे मागेपुढे: गाजर निम्म्या वेळेला, फुलकोबीचे बारीक तुरे शेवटची चार मिनिटे, मटार शेवटची दोन. पालक तर शिजवायचाच नाही. चाळणीत किंवा परातीत पाने पसरून त्यांवर उकळता पास्ता ओतला की ती आपोआप मऊ होतात.

निथळताना एक वाटी पाणी राखून ठेवणे विसरू नये. पास्त्यातून सुटलेल्या स्टार्चने ते गढूळ झालेले असते आणि तेल व पाणी यांना एकत्र धरून ठेवण्याचे काम हाच स्टार्च करतो. फोडणीत पास्ता, भाजी आणि हे अर्धी वाटी पाणी घालून मोठ्या आचेवर मिनिटभर हलवले की प्रत्येक तुकड्याला सायीसारखे आवरण चढते. त्यासाठी मैदा-दुधाचा पांढरा रस्सा वेगळा करण्याचे कारण उरत नाही, आणि त्याचे चिकट पातेले घासण्याचेही.

बराकपूरच्या बाजारातील ऋतुचक्र या पद्धतीला चांगले मानवते. हिवाळा सर्वांत सोपा. फुलकोबी, मटार, टोमॅटो, पालक, गाजर या काळात कोणतीही जोडी चुकत नाही. फाल्गुनाच्या सुमारास शेवग्याची फुले येतात. बंगाली लोक त्यांना ‘सजने फूल’ म्हणतात. थोड्या काळाचीच ही भाजी किंचित कडवट असते. मोहरीच्या तेलात कलौंजी आणि हिरवी मिरची तडतडवून त्यात ती तीन मिनिटे परतावीत; नव्या बटाट्याचे बारीक काप पास्त्याबरोबरच शिजवून घातले तर कडवटपणा बेताचा राहतो. केळफूलही चविष्ट, पण ते निवडायला, चिरायला वेळ खाते. ते रविवारी करावे.

उन्हाळ्यात मात्र बराकपूरची स्वतःची अशी एक भाजी आहे. गावाजवळ नीलगंज येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची ताग आणि समवर्गी तंतुपिकांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे आणि टिटागडपासून हुगळीच्या काठाने तागगिरण्यांची रांग लागते. ज्या रोपापासून गोण्यांचा धागा निघतो, त्याचीच कोवळी पाने येथे ‘पाट शाक’ म्हणून विकली जातात. चैत्र-वैशाखात पेरलेल्या तागाची विरळणी करताना उपटलेली रोपे जुड्या बांधून बाजारात येतात. इजिप्तमध्ये याच पानांची ‘मुलुखिया’ करतात. पाने भेंडीसारखी बुळबुळीत असतात. हा दोष वाटला तरी पास्त्यात तो उपयोगी पडतो, कारण रस्सा त्यामुळेच दाटतो. लसूण, सुकी मिरची आणि पानांची बारीक चिर दोन-तीन मिनिटे परतून त्यात राखलेले पाणी घालावे. चीजची आठवण होत नाही. पानांत कडू आणि गोड्या अशा दोन जाती असतात. लहान मुलांच्या घरात गोडी मागून घ्यावी.

पावसाळ्यात दुधी, दोडका आणि मायाळू मुबलक असतात. येथे बंगाली स्वयंपाकातील जुनी जोडी हाताशी धरावी: दुधी आणि बारीक कोळंबी. दुधीचे काडीसारखे पातळ काप स्वतःच्याच पाण्यात मऊ होतात, कोळंबी तीन मिनिटांत शिजते आणि जिऱ्या-तमालपत्राची फोडणी दोघांनाही पुरते. मासळीसाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रांतात, १९४७ साली स्थापन झालेली अंतर्देशीय मत्स्यसंशोधनाची केंद्रीय संस्था बराकपूरलाच आहे, हेही लक्षणीय. काटेरी मासा घाईच्या रात्री पास्त्यात घालू नये, हे सांगायला मात्र संस्थेची गरज नाही.

चवीच्या बाबतीत इटलीची नक्कल करण्यापेक्षा घरातल्या बरण्या उघडणे बरे. मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून मग आच कमी करावी, म्हणजे त्याचा उग्रपणा बसतो. कासुंदी, म्हणजे आंबवलेल्या मोहरीची बंगाली चटणी, गॅस बंद केल्यावर घालावी. उकळली तर तिचा झणका जातो. मिठाईच्या या मुलखात छेना रोज ताजा मिळतो. तो कुस्करून वरून घातला की इटालियन ‘रिकोटा’ची उणीव भासत नाही आणि जेवणातले प्रथिनही वाढते. छावणीत किंवा हवाई दलाच्या तळावर बदलीने आलेल्या मराठी कुटुंबाने भाजलेल्या तिळाचे वा शेंगदाण्याचे कूट घातले तरी बिघडत नाही. किंबहुना दोडक्याबरोबर कुटाचीच चव सरस ठरते.

पोषणाचा हिशेब सोपा ठेवता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील आदर्श ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि २५० ग्रॅम धान्य धरलेले आहे. त्याच न्यायाने ८० ग्रॅम पास्त्याला किमान १३० ग्रॅम चिरलेली भाजी हवी. डोळ्यांना सांगायचे तर कढईत पास्त्याहून भाजी अधिक दिसली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या बशीत नेमके याच्या उलट असते.

इंधनाबद्दलही एक वाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे इटालियन शास्त्रज्ञ जॉर्जो पारिसी यांनी २०२२ मध्ये, युरोपात गॅसचे दर भडकलेले असताना, पास्ता टाकल्यावर आच अगदी मंद करून किंवा बंद करून झाकण ठेवण्याच्या पद्धतीला दुजोरा दिला आणि त्यांच्या देशातील खानसाम्यांनी त्यावर नाके मुरडली. स्टार्च फुगण्यासाठी आणि प्रथिने घट्ट होण्यासाठी पाणी खळखळणे आवश्यक नाही; ते पुरेसे गरम राहिले म्हणजे झाले, असा त्यामागचा विचार आहे. जाड बुडाचे पातेले आणि घट्ट झाकण असेल तर बंगालच्या उष्ण हवेत हे सहज साधते. उकळीनंतर दोन मिनिटे आच, मग बंद, आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्त झाकण. फुलकोबीसारखी भाजी असेल तर मात्र ती फोडणीतच शिजवावी.

ज्या घरी पहिली परतणारी व्यक्ती शाळकरी मुलगा किंवा दुकानातून लवकर सुटलेला नवरा असेल, तेथे आधण त्याने ठेवावे. पोळीला हातवळण लागते, पास्त्याला घड्याळ पुरते. या पदार्थाचा हा गुण स्वयंपाकाच्या पुस्तकांत क्वचितच सांगितला जातो.

उरलेल्या पास्त्याबाबत काळजी घ्यावी. भाताप्रमाणेच शिजलेल्या पास्त्यातही दमट उकाड्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांतील काहींचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून रात्रभर तो ओट्यावर ठेवू नये; उन्हाळ्यात तासाभरात, एरवी दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. तेलाचा हात लावून ठेवलेला बिनरश्शाचा पास्ता दोन-तीन दिवस टिकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल गाठण्यापूर्वी कांदा-टोमॅटोबरोबर पाच मिनिटांत डब्यात जातो. कोळंबी घातलेला मात्र त्याच रात्री संपवावा.